पायांना बंदी, चाकांना पायघड्या : सड्याच्या पर्यटन आराखड्याबद्दल खुले पत्र

मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्ह्याच्या पर्यटन विकासाचं काम पाहणारी समिती, यांस

स. न. वि. वि.

आपल्या कार्यालयाचं एका पानाचं पत्र ऐन गौरी-गणपतीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं. चाकरमान्यांच्या गाड्या मुंबईच्या वाटेला लागल्यावर ते नीट वाचायला सवड झाली. पत्रात दोन गोष्टी आहेत. सप्टेंबर आणि ऑक्टोबरात आमच्या सड्यावर, म्हणजे गावावरच्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, 'सामूहिक पदभ्रमंती' करायला मनाई. करायचीच असेल तर पंधरा दिवस आधी अर्ज, सोबत पोलीस ठाण्याचा ना-हरकत दाखला, प्रत्येकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि माणशी शुल्क. ही झाली पहिली. दुसरी अशी की त्याच सड्यासाठी पर्यटन विकासाचा आराखडा मंजूर झाला आहे. त्यात वरपर्यंत डांबरी रस्ता, वाहनतळ, पेव्हर ब्लॉकची पायवाट, सेल्फी पॉइंट, हायमास्ट दिवे आणि खाद्यपदार्थांचे गाळे आहेत.

म्हणजे चालत येणाऱ्याला दाखला आणि गाडीतून येणाऱ्याला वाहनतळ. या दोन्ही गोष्टी एकाच सहीखाली आहेत. सही करणाऱ्यांनी कागद सलग वाचला असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. आधी रीतसर अर्ज केले, त्यांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तरं नाहीत. म्हणून आता उघडच लिहिते.

गावाचं आणि सड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते माहीत आहे, आणि बाकीच्यांना कळायची घाई नाही. नाव फिरायला लागलं की पुढच्या शनिवार-रविवारी काय होतं, ते कोकणातल्या कितीतरी धबधब्यांनी भोगलं आहे.

मी इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. निवृत्तीच्या कितीतरी आधीपासून आमचा एक शिरस्ता आहे. भाद्रपद उतरणीला लागला की दसऱ्यापर्यंत दर रविवारी सकाळी सड्यावर चालायला जायचं. आम्ही म्हणजे काही संस्था नव्हे. नोंदणी नाही, बॅनर नाही, एकसारखे टी-शर्ट तर नाहीतच. शाळेतली मुलं, त्यांचे आईवडील, ग्रामीण रुग्णालयातल्या परिचारिका, बँकेतले एक शिपाई (पक्ष्यांचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं), सुट्टी वाढवून राहिलेलं एखादं मुंबईचं कुटुंब, आणि सगळ्यांच्या पुढे काठी घेऊन गावातले एक गुराखी. त्यांना आम्ही त्या दिवसाची मजुरी देतो, कारण वाटही त्यांचीच आणि नजरही त्यांचीच. देवळामागून चढायचं, सडा आडवा पार करायचा, ऊन तापायच्या आत पलीकडच्या वाडीत उतरायचं. तिथे घावन-चटणी आणि चहा ठरलेला.

शिस्त मोजकीच आहे, पण ती मोडली तर मी शाळेतल्यासारखी ओरडते. उघड्या कातळावरून एकामागे एक चालायचं. माती दिसेल तिथे पाय नाही. डबक्यात बूट नाही. फूल खुडायचं नाही, दगड उलटायचा नाही. पंचविसांहून जास्त माणसं जमली तर दोन तुकड्या, दोन वेगळ्या वाटांनी. आपल्या पत्रात याचं वर्णन 'अनियंत्रित गर्दी' असं आहे.

आता सड्याविषयी थोडं, कारण आराखडा वाचून वाटतं की तो करणाऱ्यांनी सडा मे महिन्यात, तोही गाडीच्या काचेतून पाहिला असावा. मे महिन्यात तो खरोखरच तापलेल्या तव्यासारखा दिसतो. काळपट, उघडा, झाडाचा पत्ता नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद 'पोटखराब', म्हणजे लागवडीला अयोग्य. देशभरातल्या पडीक जमिनींचा जो सरकारी नकाशासंग्रह आहे, त्यातही खडकाळ ओसाड जमिनीचा वेगळा रकाना आहे आणि आमच्यासारखे सडे त्यात जाऊन बसतात. कागदावर एकदा 'ओसाड' लागलं की तिथे काहीही बांधायला मन कचरत नाही.

तोच सडा पाऊस लागला की बदलतो. जूनमध्ये कातळाच्या फटींतून दीपकाडीची पांढरी फुलं उभी राहतात. ही जात कोकणपट्टीबाहेर सापडत नाही. मग आषाढ-श्रावणात सगळं पाण्याखाली. भाद्रपदात पाऊस उघडझाप करायला लागतो, डबकी आकसतात, आणि तेव्हा जे दिसतं त्यासाठी आमचा रविवार असतो.

एक डबकं घ्या. लांबी-रुंदी आपल्या टेबलाएवढीच. मध्ये वीतभर पाणी, त्यात बेडकाची पिल्लं. काठाला ओलसर माती, जाडी फार तर दोन बोटं. त्या मातीत गेंदाची पांढरी बोंडं, एकेक काडी उभी, वर गुंडी लावल्यासारखी. त्याच्या अलीकडे सीतेची आसवं, जांभळी, करंगळीच्या नखाएवढी. आणखी अलीकडे, जिथे माती वाळत आली आहे तिथे, दवबिंदूची तांबूस पानं. प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. ही रांग पाण्याच्या पातळीप्रमाणे लागलेली असते. चार बोटं पुढेमागे झालं की जात बदलते. गुडघे टेकल्याशिवाय हे दिसत नाही, आणि हायमास्टच्या उजेडात तर मुळीच नाही.

मागच्या हंगामात सहावीतली एक मुलगी अशाच डबक्यापाशी बसली ती उठेचना. दवबिंदूच्या पानाला एक चिलट चिकटलं होतं आणि पान हळूहळू त्याच्यावर वळत होतं. तुकडी पुढे गेली, मी तिच्यासाठी थांबले. तिने विचारलं, "बाई, माती आहे, पाणी आहे, ऊन आहे, मग ह्याला किडा कशाला खायला लागतो?" जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर, पण नत्र जवळजवळ नाही, म्हणून इथल्या काही वनस्पतींनी नत्र किड्यांकडून घ्यायचा मार्ग काढला. दवबिंदू चिकट पानांनी धरतो. सीतेच्या आसवांचे सापळे ओल्या मातीत असतात, डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा फुग्यांचे, आणि सूक्ष्म जीव त्यांत आत ओढले जातात. हा धडा मी वर्गात कित्येक वर्षं शिकवला. तो समजलाय असा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. आता या मुलीला सड्यावर जायचं तर पोलीस ठाण्याचा दाखला आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र लागणार.

आता माझे आक्षेप.

मनाईचं कारण म्हणून आपण 'नागरिकांची सुरक्षितता' लिहिलं आहे आणि कंसात फुरसं आणि वीज यांचा उल्लेख आहे. दोन्ही धोके खरे आहेत. फुरसं या विषारी सापासाठी आमचा भाग पूर्वापार प्रसिद्ध आहे आणि दगडाखाली हात घालणाऱ्याची सड्यावर गय होत नाही. म्हणूनच आम्ही बूट घालतो, दगड उलटत नाही, पुढे काठीवाला असतो, आणि दुपारचे ढग चढायच्या आत खाली उतरतो. पण सुरक्षिततेची एवढी काळजी असेल तर आराखडा पुन्हा वाचा. फुरसं हिंडतं रात्री. दिव्यांभोवती किडे येणार, किड्यांमागे बेडूक आणि पाली, आणि त्यांच्यामागे फुरसं. त्याच उजेडात चप्पल घातलेली पोरंबाळं आइस्क्रीम खात फिरणार. उघड्या सड्यावर सर्वांत उंच लोखंडी खांब आपणच रोवणार आणि गडगडाटी पावसाच्या दिवसांत त्याच्याखाली माणसं जमवणार. धोका चालणाऱ्यांना आहे की तुमच्या पाहुण्यांना, याचा विचार कोणी केला का? आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरची लस बारमाही ठेवायची तरतूद या आराखड्यात कुठेही सापडली नाही. सेल्फी पॉइंटची आहे.

दुसरा आक्षेप पेव्हर ब्लॉकवर, आणि तो मला सगळ्यांत जास्त खुपतो, कारण तो 'पर्यावरणपूरक' या मथळ्याखाली आहे. पायवाट बसवायची तर आधी कातळ सपाट करणार, म्हणजे खळगे बुजवणार. पण सड्याचा जीव त्या खळग्यांतच आहे. बुजवायला मुरूम बाहेरून आणणार आणि त्या मुरमाबरोबर रानमोडी या तणाचं बी फुकट येणार. कोकणातला कोणताही नवा रस्ता बघा, दोन पावसाळ्यांत दोन्ही कडांना रानमोडी माजलेली असते. वरून सिमेंट. जांभ्याची माती आम्लधर्मी, सिमेंटवरून येणारं पाणी चुन्याचं. ज्या वनस्पती तितक्याच आंबट, तितक्याच निकस मातीत जगायला शिकल्या, त्यांच्या मुळाशी आपण हे पाणी सोडणार. खत घालून जमीन 'सुधारली' तरी त्या मरतील. त्यांना सुधारणा नको आहे.

शिवाय पायवाटेची गरजच काय? कातळासारखी टणक, पाण्याने न वाहून जाणारी, फुकटात मिळालेली फरशी निसर्गाने आधीच घालून ठेवली आहे. शतकानुशतकं गुरं-माणसं चालून त्यावर फिकट वाटा उमटल्या आहेत. त्यांवर चाललं की एक फूलही चिरडत नाही. या वाटा दाखवायला गुराखी लागतो, ठेकेदार लागत नाही. गोम तिथेच असावी, पण तो विषय मी इथे वाढवत नाही.

पाण्याचं सांगते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर येतात. सड्याच्या पायथ्याच्या आमच्या वाडीत टँकर अजून आलेला नाही, कारण सड्यावर मुरलेलं पाणी जांभ्याच्या भेगांतून खाली जातं, तळच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि डोंगराच्या कुशीत झऱ्याने बाहेर येतं. देवळामागची बाव, म्हणजे विहीर, त्याच झऱ्याची. गावातले जुने लोक एकच वाक्य सांगतात : "सड्याक हात लावशात तर बाव आटतली." भूजलाचा अभ्यास न करता त्यांना जे कळलं, ते आराखड्यात दोन ओळींतही नाही. वाहनतळावर गळलेलं तेल आणि गाळ्यांचं सांडपाणी याच भेगांतून खाली जाणार. ही बाव अख्खी वाडी पिते. तिचं पाणी तपासून तो अहवाल आराखड्याला जोडला आहे का? नसेल तर आराखडा मंजूर कसा झाला?

तिसरं, ज्याची नक्कल करायला आपण निघालात त्या कास पठाराचं. साताऱ्याजवळचं कास 2012 साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. त्यानंतर तिथे काय काय करून पाहावं लागलं ते जरा विचारून या. गर्दी आवरेना म्हणून दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आणि आधी नोंदणी आली. फुलं वाचवायला जाळीचं कुंपण घातलं. गुरं आत जायची थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि शेवटी ते कुंपण काढायची पाळी आली. कासच्या लोकांना मी दोष देत नाही. आसपासच्या गावांनी एकत्र येऊन व्यवस्था लावली, चुकलं ते दुरुस्तही केलं. त्यांनी किंमत मोजून जे शिकलं ते आपल्याला फुकट मिळतंय, तर ते तरी घ्या. गुरं चरणं आणि माणसांनी पायी फिरणं हा पठाराच्या जगण्याचा भाग आहे आणि गाड्यांची झुंबड हा नाही, एवढं तर त्यातून दिसतंच. आमचा सडा कासच्या मानाने चिमुकला. तिथे जेवढ्या गाड्या एका रविवारी येतात, त्याच्या दहाव्या हिश्शाने आमचा चेंदा होईल.

चौथं. आपल्या पत्रात 'सड्याच्या ऱ्हासाला पदभ्रमंती करणारे गट कारणीभूत' असं एक वाक्य आहे. सड्याच्या उत्तर टोकाला चिरेखाण आहे, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे कापून काढायची खाण. माझं घर चिऱ्याचं आहे, शाळा चिऱ्याची आहे, देऊळ चिऱ्याचं आहे. कोकणात राहून चिरेखाणी बंद करा म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण खाण जिथवर जाते तिथवर सडा उरतच नाही, उभ्या भिंतींचा चौकोनी खड्डा राहतो. खाणीचे ट्रक डबकी तुडवत सड्याच्या मधून आडवाट काढतात. त्यांच्या चाकोऱ्या पुसल्या जात नाहीत, पुढच्या पावसाळ्यात त्यांतून पाणी वाहून मातीच निघून जाते. दक्षिणेकडे सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे पाडले, त्यांत खालून आणलेली माती भरली. तेही शेतकऱ्याचं पोट आहे, मी समजू शकते. पण ऱ्हासाचं कारण शोधताना या सगळ्यावरून नजर सरळ पुढे गेली आणि वहीपेन घेतलेल्या सहावीच्या पोरांवर येऊन थांबली, याचं नवल वाटतं.

आणखी एक, आणि हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. कोकणातल्या कातळशिल्पांचा आज इतका बोलबाला आहे. 2022 साली ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, काशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ अशी नऊ ठिकाणं आहेत. ही शिल्पं कुणामुळे उजेडात आली? रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं सडे पायांखाली घातले, गावोगावच्या लोकांना विचारलं, कातळावरचं गवत-माती दूर केली. काशेळीचा तो प्रचंड हत्ती गाडीच्या खिडकीतून कुणाला दिसला नसता. जिल्ह्याच्या पर्यटनाच्या प्रत्येक जाहिरातीत आज कातळशिल्पं असतात आणि त्याच जिल्ह्यातला एक कागद सड्यावर चालायला मनाई करतो. आमच्या सड्यावर अजून काय दडलंय ते कुणी पाहिलेलं नाही. पेव्हर ब्लॉक बसवताना ते कुणी पाहणारही नाही.

जमिनीच्या मालकीचाही प्रश्न आहे. सडा बहुतांशी खासगी, सामाईक. एकेका सातबाऱ्यावर नावांची मारुतीची शेपटी, निम्मे लोक विरार-डोंबिवलीला. आम्ही गावात असलेल्या हिस्सेदारांना विचारून चालतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. आपण रस्ता आखताना त्यांतल्या कुणाला विचारलं? आमच्या माहितीत तरी कुणाला नोटीस आलेली नाही. आणि जाता जाता, चार गुराखी एकत्र सड्यावर निघाले तर ती 'सामूहिक पदभ्रमंती' ठरते का, त्यांनी माणशी शुल्क भरायचं की गुरांमागे, हेही एकदा स्पष्ट करा. गावात यावर बरीच करमणूक चालू आहे.

आता आमच्या बाजूचंही बोलायला हवं. सगळेच चालणारे शहाणे असतात असा माझा दावा नाही. मोठ्या शहरांतून बस भरून येणारे, स्पीकर लावणारे, फुलांच्या ताटव्यात आडवे पडून फोटो काढणारे, ड्रोन उडवून टिटव्यांना बेजार करणारे गट आम्हीही पाहिलेत. पन्नास-साठ जणांचा एक घोळका डबक्यांमधून सरळ गेला, तर तिथे पुढच्या वर्षी फुटकं गेंदही उगवत नाही. तेव्हा नियम हवेत. आमच्यावरही हवेत. पण नियम कुठे, कसे, किती जणांनी चालायचं याचे असावेत. दाखल्यांची चळत गोळा करायचे नकोत. आपल्या पत्रातल्या अटी त्या बसवाल्या आयोजकाला सहज परवडतील. त्याच्याकडे अर्ज भरायला माणूस आहे. परवडणार नाहीत त्या आमच्या शाळेला.

बाहेरचं उदाहरणच हवं असेल तर इंग्लंडचं घ्या. तिथली मूरलँड म्हणजे उघडी, झाडं नसलेली, हेदरच्या झुडपांची माळरानं. ऑगस्ट-सप्टेंबरात ती जांभळी होतात, म्हणून चालणाऱ्यांचा तोही हंगाम. त्यांवरही जमीनदारांची मालकी आणि चालायला मज्जाव होता. 24 एप्रिल 1932 रोजी किंडर स्काउट नावाच्या पठारावर शेकडो कामगार पोरं मुद्दाम चालत गेली, काहींना तुरुंगवास झाला. पुढे 2000 साली कायदा झाला आणि अशा मोकळ्या रानांवर चालण्याचा हक्क सर्वांना मिळाला. हक्क पायी जाण्याचा आहे, गाडी नेण्याचा नाही. पक्षी अंडी घालतात त्या काळात, म्हणजे 1 मार्च ते 31 जुलै, कुत्रा साखळीला बांधूनच न्यावा लागतो. आग लागण्याचा धोका असेल तर काही काळ वाट बंदही ठेवता येते. त्यांची माती वेगळी, पाऊस वेगळा, जमीनदार तर फारच वेगळे. सगळं उचलून इथे आणा असं मी म्हणत नाही. पण पाय आणि चाक यांत फरक करायचा असतो, एवढं तरी त्यांच्या कायद्यातून घ्यावं.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

सड्यावर पायी चालण्याची सरसकट मनाई मागे घ्या. त्याऐवजी गटाची कमाल संख्या ठरवा. पंचवीस आम्हाला मान्य आहे, वीस म्हणालात तरी चालेल. सोबत गावातला एक वाटाड्या सक्तीचा करा आणि त्याची मजुरी गटाने द्यावी असं लिहा. शाळा-महाविद्यालयांना शुल्क नको. स्पीकर आणि ड्रोन बंद.

सड्याच्या माथ्यावर कोणतंही वाहन नको, आपल्या पाहुण्यांचंही नको आणि खाणीचंही नको. वाहनतळ करायचाच तर खाली, हमरस्त्याला लागून करा. तिथून देवळापर्यंत चालायला माणसाला फार वेळ लागत नाही, आणि वाटेवरच्या घरांतून चहा-घावन विकले गेले तर गाळ्यांच्या लिलावाहून गावाला जास्त मिळेल.

पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, सेल्फी पॉइंट हे तिन्ही आराखड्यातून काढा. तेवढ्या पैशात आरोग्य केंद्रात लस ठेवा आणि देवळापाशी एक स्वच्छतागृह बांधा. ते मात्र खरंच हवं आहे. बायका वर्षानुवर्षं मागताहेत.

जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आमच्या नोंदवहीत सड्याचं पान भरून घ्या. त्यासाठी लागणाऱ्या याद्या आमच्याकडे आहेत, मुलांनी केलेल्या, तारखेवार. त्याच 2002 च्या कायद्यातल्या कलम 37 खाली सड्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळावा असा प्रस्ताव राज्य जैवविविधता मंडळाकडे जाऊ द्या. आंबोलीत हिरण्यकेशीच्या कुंडातल्या एका छोट्या माशासाठी 2021 साली दोन हेक्टरच्या आसपास जागेला हा दर्जा मिळाला. मग आमच्या सड्याला प्रस्तावापुरतंही स्थान का नसावं?

आणि चिरेखाणीला परवाना दिलेली हद्द जागेवर खुणा करून दाखवा. कागदावरची हद्द आणि ट्रक जातात ती हद्द यांत किती अंतर आहे, ते आम्ही चालून मोजू शकतो. निदान त्या कामासाठी तरी परवानगी लागू नये.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. सरपंचांनी हा विषय पत्रिकेवर घेतला आहे. आपल्यापैकी ज्यांनी आराखड्यावर सही केली त्यांनी त्या सभेला यावं. सभा सकाळी 11 वाजता आहे. आधी सडा पाहायचा असेल तर 6 वाजता देवळापाशी या, उतरून वेळेवर पोचता येतं. पायांत बूट घालून या. आराखड्याची जी प्रत ग्रामपंचायतीला मिळाली ती इंग्रजीत आहे आणि तिच्यातला नकाशा झेरॉक्समध्ये काळा पडला आहे. येताना मराठी प्रत आणि वाचता येईल असा नकाशा आणावा, ही विनंती.

आपली नम्र,
दर रविवारी सड्यावर चालणाऱ्यांच्या वतीने
एक निवृत्त शिक्षिका

प्रत : सरपंच व ग्रामसेवक, शाळा व्यवस्थापन समिती, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला